फ्रीझरमधला चष्मा

१

मांसाच्या फ्रीझरचं दार उघडलं आणि आतून असा भपकारा आला, की फ्रीडा मांडेलकर्नच्या डोळ्यांत पाणी आलं. न्यूयॉर्कमधल्या हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासण्यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. पिठातले उंदीर, सूपमधली झुरळं, तेलाच्या पिंपात बुडालेली मांजरं, सगळं पाहून ती घरी जाऊन पोटभर जेवली होती. आज मात्र तिने ॲप्रन नाकातोंडावर दाबला आणि भिंतीला टेकली.

आत थंडी कडाक्याची होती. यंत्र घरघरत होतं, दिवा लागलेला होता. तरीही कोंबड्या हिरव्यानिळ्या पडून फुगल्या होत्या, खोक्यांचे तळ फाटले होते आणि जमिनीवर तपकिरी बर्फाचा थर धरला होता. दाराचं रबर जुनं झालेलं, माशांना तेवढी फट पुरली होती. बर्फात पांढऱ्या अळ्या जिथल्या तिथे थिजल्या होत्या.

म्हणजे फ्रीझर मधे बरेच दिवस बंद होता. सगळं वितळलं, कुजलं आणि मग कोणीतरी गुपचूप तो पुन्हा चालू केला.

आणि हे कोणाला कळलं नाही, कारण ज्यूंचा आव महिना लागला होता. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचे हे नऊ दिवस. मांस नाही, गाणंबजावणं नाही, पोहणं नाही, कपडे धुणं नाही. मधल्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, मांस चालतं, पण त्या कोंबड्या मोत्तल आचाऱ्याने आधीच लहान फ्रिजमध्ये काढून ठेवल्या होत्या. उद्याचा गुरुवार नववा, कडक उपासाचा. उपासानंतर येणाऱ्या शब्बाथसाठी मांस बाहेर काढावं म्हणून फ्रीडा आली होती, नाहीतर या दाराला हात लावायचं कारण कोणालाच नव्हतं. स्वयंपाकघरात धर्माप्रमाणे काय चालेल आणि काय चालणार नाही, हे बघणं मुलांच्या या उन्हाळी कॅम्पमध्ये तिचं काम होतं.

ती बाहेर पडणार, तोच तिची नजर खाली गेली. तपकिरी बर्फावर एक चष्मा पडला होता. डावी काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली होती.

तो चष्मा सगळ्या कॅम्पला ठाऊक होता. मोत्तल गेले तीन दिवस तोच शोधत होता.

२

कॅम्पचे संचालक आणि धर्मगुरू राब्बी गेदालिया फर्स्टमन नाकाला रुमाल लावून दारापर्यंत आले आणि तिथूनच परत फिरले.

"मुलांना कळता कामा नये," ते म्हणाले. "रविवारी आईवडील भेटायला येणार आहेत. अरे देवा, काय ही घाण! मोत्तल, तू हे बंद केलं होतंस का?"

मोत्तल गुरेविच चुलीपाशी उभा होता. पिठाने पांढरे झालेले कापडी बूट, गुडघ्यापर्यंत ॲप्रन, हातात डाव. कॅम्पमधली मुलं त्याला झैदे म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांच्यातल्या काहींच्या आईबापांनाही त्याने भरवलं होतं.

"मी कशाला बंद करीन?" तो म्हणाला.

"मग तुझा चष्मा आत कसा?"

मोत्तलने चष्म्याकडे पाहिलं. त्याच्या हातातला डाव खाली आला.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. मग अगदी हळू म्हणाला, "गिट्लचंही असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा. मग चुलीवरचं दूध. मग मी."

गिट्ल त्याची बायको. शेवटच्या वर्षी ती त्याला शेजारचा वाणी समजायची. तिला जाऊन दोन उन्हाळे झाले होते. हे सगळ्यांना ठाऊक असूनही राब्बींनी मान डोलावली, आणि त्या डोलावण्याची फ्रीडाला किळस आली.

"राब्बी, जरा नीट बघा," ती म्हणाली. "चष्मा बर्फावर आहे, बर्फात नाही. मांस वितळलं, पाणी साचलं, ते पुन्हा गोठलं, आणि मग चष्मा आला. म्हणजे ही घाण डोळ्यांनी बघून कोणीतरी गप्प बसलंय."

"मोत्तलच बसला असेल. एकदा बंद करून विसरला, नंतर चालू करून विसरला."

"आणि या फरश्या? सगळं स्वयंपाकघर तेलकट आणि फ्रीझरच्या उंबऱ्यापुढचा तेवढा तुकडा लख्ख. दार उघडल्यावर ते पाणी बाहेर लोटलं असणार. कोणीतरी ते पुसलंय."

"पुसून विसरला असेल, फ्रीडा! विसराळू माणसाचं असंच असतं." राब्बी दमल्यासारखे दिसत होते. "मी त्याच्या मुलीला फोन करतो. शुक्रवारी सकाळी येऊन घेऊन जाईल. एका वृद्धाश्रमाशी तिचं आधीच बोलणं झालंय."

विसराळूपणाच्या पोत्यात काय वाटेल ते कोंबता येत होतं. फ्रीडाने पुरावा दाखवावा आणि राब्बींनी तो त्याच पोत्यात टाकावा.

ते गेल्यावर मोत्तल स्टुलावर बसला.

"फ्रीडा, खरं सांग. रविवारी सकाळी चीजच्या डब्यावरची तारीख मी तुला वाचून दाखवली, का ते मला स्वप्न पडलं?"

"वाचून दाखवलीस. हाच चष्मा लावून."

"तू माझं मन राखायला म्हणतेयस. मीही गिट्लला असंच म्हणायचो."

शुक्रवार सकाळच्या आत हा गुंता सुटला नाही, तर हा माणूस नुसता कॅम्पमधून जाणार नव्हता, स्वतःच्या डोक्यातूनही जाणार होता.

३

पहिलं गाठलं ते हदासा कोर्नब्लिटला. हदासा मुलांना पोहायला शिकवायची आणि या नऊ दिवसांत तिला काडीचं काम नव्हतं. ती मांस खात नसे आणि तसं दिवसातून चारदा सांगत असे. कलेजीवरून तिचं मोत्तलशी कडाक्याचं भांडण झालं होतं. फ्रीडाला ती बाकीच्या तरुणांसारखी टांटे, म्हणजे मावशी, म्हणे.

"मेलेली जनावरं कुजली, याला तुम्ही गुन्हा म्हणता?" ती झाडाखाली पाय पसरून म्हणाली. "मला ती ताजी असतानाही ओकारी येते."

"तू बंद केलास का फ्रीझर?"

"मी केला असता, टांटे फ्रीडा, तर दारावर फलक लावला असता. खाली सही केली असती. गुपचूप करायचं आणि म्हाताऱ्यावर ढकलायचं? शी!"

त्या 'शी'मध्ये फ्रीडाला खरेपणा वाटला. किळस खोटी करता येत नाही, हे ती नोकरीत शिकली होती.

"सुतक लागण्याआधी इथे काय काय झालं, आठव बरं."

"गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी गाण्यांचा कार्यक्रम झाला. मोठे भोंगे, दिवे, सगळा थाट. त्याची वायर स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून आली होती, मी अडखळून पडले ना तिच्यावर. हा बघा गुडघा."

"वायर कोणाची?"

"गाण्यांचा कारभार कोणाकडे आहे? नफ्तालीकडे."

नफ्ताली ग्रोस सगळ्यांचा लाडका. गळा गोड, हसू गोड. मुलं त्याच्यामागे हिंडत आणि मुलांच्या आया त्याला केक पाठवत. पुढच्या उन्हाळ्यापासून राब्बी फर्स्टमन बाजूला होणार आणि संचालक नफ्ताली होणार, हे उपास सुटल्यावर जाहीर व्हायचं होतं.

फ्रीडाला बघून त्याने गिटारीची रिकामी पेटी बाजूला सारली.

"बसा ना टांटे. ऐकलं मी. झैदे मोत्तलचं काय हो हे! माझ्या तर पोटात तुटलं. शुक्रवारी ते निघतील तेव्हा सगळ्या मुलांनी मिळून निरोपाचं गाणं म्हणावं, असं माझ्या मनात आहे."

"त्या मंगळवारी तुझी वायर स्वयंपाकघरात कशात खोचली होती?"

"भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटमध्ये. आणि त्याच दिवशी काढूनही घेतली. का?"

"सहज."

ती जरा पुढे वाकली. नऊ दिवस धुतलेला कपडा अंगाला लावायचा नाही, म्हणून सुतक लागायच्या आदल्या दिवशी सगळा कॅम्प एकावर एक शर्ट चढवून थोडा थोडा वेळ हिंडला होता. एकदा अंगाला लागला की तो वापरलेला, मग चालतो. पण ते आठ दिवसांपूर्वीचं. आता तेच शर्ट फिरवून फिरवून सगळ्यांचे चोळामोळा झाले होते आणि अख्ख्या कॅम्पला घामाचा आंबूस वास येत होता. नफ्तालीच्या शर्टाला मात्र लिंबाचा वास होता.

"शर्ट छान आहे," ती म्हणाली.

"हा? हा आधीच घालून ठेवला होता, टांटे. पेटीत तळाशी राहिला होता." तो हसला. हसताना त्याने कॉलर उगीचच सरळ केली.

लिंबाचा वास फ्रीडाच्या ओळखीचा होता. कपड्यांच्या साबणाला तो नसतो. कॅम्पमधली धुलाईची खोली बंद असते तेव्हा माणूस शर्ट कशाने धुवेल? भांड्यांच्या साबणाने. पण नुसता वास घेऊन राब्बींकडे गेलं, तर ते तिलाही म्हातारी ठरवून वृद्धाश्रमात पाठवतील.

४

सूर्य मावळण्याआधी सगळ्यांनी राखेत बुडवलेलं उकडलेलं अंडं आणि पावाचा तुकडा खाल्ला. मग जेवणाच्या मोठ्या खोलीतली बाकं भिंतीला लावली, दिवे मंद केले आणि दोनशे मुलं जमिनीवर बसली. कोणी कोणाला नमस्कार करत नव्हतं.

नफ्ताली पुढे बसून शोकाचा ग्रंथ वाचू लागला. त्याचा आवाज थरथरत होता, काही मुली रडत होत्या. मोत्तल शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. त्याने पुस्तक घेतलं नाही. चष्मा फ्रीडाने परत दिला होता, पण तो त्याने खिशातून काढलाच नाही.

फ्रीडाला त्या गोड आवाजाचा उबग आला. तिने मान खाली घातली, आणि जमिनीवर बसल्यामुळे तिला दिसले ते फक्त पाय. या दिवशी कातडी पादत्राणं घालत नाहीत. म्हणून रांगेने कापडी बूट, रबरी सपाता, प्लॅस्टिकच्या चपला. राब्बींच्या पायांत तर निळ्या सपातांवर बदकं होती, बहुधा नातीच्या असाव्यात.

पुढे नफ्तालीचे पाय होते. नुसते पायमोजे.

फ्रीडा सरळ बसली. नफ्तालीकडे नारिंगी कापडी बूट होते. ते इतके भडक होते, की मुलांनी त्यांच्यावर गाणं रचलं होतं. उन्हाळाभर त्याच्या पायांत तेच होते. मग ते गेले कुठे? आज, वर्षातून एकदा, जेव्हा कापडी बूट हवेतच, तेव्हाच नेमके नाहीत?

आणि तिला आठवलं, की रविवारपासून तो कातडी जोडे घालून हिंडत होता. एरवी ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. ते जोडे आज या उपासाने त्याच्या पायांतून उतरवले होते.

शर्टाचा वास साबणाने निघतो. कुजक्या मांसाच्या पाण्यात भिजलेल्या कापडी बुटांचा निघत नाही.

पण बूट हाती लागल्याशिवाय हे सगळं हवेतच होतं.

५

सकाळी प्रार्थना आटोपल्यावर तिने हदासाला खूण करून बाहेर बोलावलं.

"नऊ दिवसांत या कॅम्पमध्ये कोणीही फिरकणार नाही अशा जागा सांग."

"फ्रीझर," हदासा म्हणाली. "धुलाईची खोली. आणि तळ्यावरची माझी खोपटी."

"धुलाईच्या खोलीची चावी राब्बींच्या खिशात असते. तुझ्या खोपटीची?"

"जेवणाच्या खोलीबाहेर खिळ्याला. कोणीही घ्यावी. पण तिथे जाणार कोण? दहाव्यापर्यंत तळ्यात बेडूकसुद्धा बिचकून उतरतात."

"कचऱ्यात टाकलं तर आपल्या पोरांचा भरवसा नाही, ते नारिंगी बूट काठीला टांगून मिरवणूक काढतील. म्हणून ते जिथे कोणी जात नाही तिथे दडवायचे आणि सवडीने गावात नेऊन टाकायचे. चल."

खोपटीपर्यंत पोचायच्या आधीच त्यांना उत्तर मिळालं. कुलपाच्या भोकापाशी हिरव्या माश्या घोंघावत होत्या. हदासाने कुलूप काढलं आणि मागे वळून झाडाला धरून ओकली. उपासाच्या पोटात काही नव्हतं, तरी ओकली.

फ्रीडा आत गेली. पोहणाऱ्या मुलांची जाकिटं ठेवायची मोठी पेटी होती. तिने जाकिटं एकेक करून काढली. तळाशी गाठ मारलेली काळी पिशवी होती, आणि पिशवीच्या फाटक्या कोपऱ्यातून नारिंगी कापड दिसत होतं.

"पोरांनी ही जाकिटं अंगात घालायची असतात हो, टांटे," हदासा बाहेरून म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. "छातीशी बांधायची असतात. त्यात टाकलं त्याने हे?"

६

भर दुपारी सगळे राब्बींच्या खोलीत जमले. फ्रीडाने पिशवी खिडकीबाहेर ठेवली होती, तरी वास आत येतच होता. नफ्तालीने तिकडे एकदाच पाहिलं.

"सांगते, ऐका," फ्रीडा म्हणाली. "गेल्या आठवड्यात मंगळवारी भोंग्यांसाठी जास्त वीज लागली. भिंतीत रिकामं सॉकेट नव्हतं, मी आज बघून आले. ज्याची वायर होती त्याने फ्रीझरचा प्लग काढला आणि परत लावायला विसरला. इथपर्यंत कोणाच्याही हातून होतं. सुतक लागलं, गाणं थांबलं, वायर तिथेच पडून राहिली. रविवारी तो वायर आणायला गेला आणि प्लग दिसला. घाबरून दार उघडलं. ते पाणी त्याच्या पायांवर, अंगावर आलं. त्याने भांड्यांच्या साबणाने फरशी पुसली, शर्ट धुतला. बूट काही धुवून निघेनात, ते लपवले. रविवारनंतर ते त्याच्या पायांत कोणी पाहिलेत?"

राब्बींची नजर नफ्तालीच्या पायमोज्यांवर गेली.

"आता मोत्तलचे बूट बघा. उन्हाळाभर हेच आहेत, त्यांच्यावर पीठ आहे, कणीक आहे, परवाचं सूप आहे. तो त्या दारात उभा राहिला असता तर हे बूट आज या खोलीत आणता आले नसते. राब्बी, बूट विसराळू नसतात."

राब्बी खाली वाकले, मोत्तलच्या बुटांजवळ नाक नेलं आणि सरळ झाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नफ्ताली?"

नफ्तालीने तोंड हातांत झाकलं. "मी सांगणारच होतो. खरंच. पण या आठवड्यात तुम्ही माझं नाव जाहीर करणार होतात. फ्रीझर सांभाळता येत नाही त्याला कॅम्प कसा सोपवायचा, असं सगळे म्हणाले असते. मला वाटलं, यंत्रच बिघडलं असं समजतील."

"चष्म्याचं सांग," फ्रीडा म्हणाली. "चूक झाली, भीती वाटली, लपवलंस. आम्ही तेवढं गिळलं असतं. चष्म्याचं सांग."

तो पुन्हा कॉलर सरळ करू लागला.

"रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बाकावर राहिला होता," तो शेवटी म्हणाला. "परत द्यायलाच घेतला होता. मग परवा मंगळवारी..." तो थांबला. "मला वाटलं, यांचं वय झालंच आहे. आज ना उद्या जाणारच आहेत. यांना काय फरक पडणार?"

खिडकीबाहेरची पिशवी फ्रीडाला एकाएकी स्वच्छ वाटली. तिला नफ्तालीचा गोड गळा आठवला, निरोपाचं गाणं आठवलं. तीन दिवस या माणसाने म्हाताऱ्याला सगळीकडे खिसे चाचपताना पाहिलं होतं. बहुतेक शोधायला मदतही केली असेल.

राब्बी घसा खाकरून म्हणाले, "आज उपासाचा दिवस. कोणाची अब्रू चव्हाट्यावर मांडायचा नाही. आपण हे चार भिंतींत मिटवू. मोत्तल राहील, नफ्तालीचं नंतर बघू. मुलांचा किती जीव आहे त्याच्यावर..."

"काल चार तासांत सगळ्या कॅम्पला कळलं होतं, की झैदे मोत्तलचं डोकं फिरलंय," फ्रीडा म्हणाली. "पोरं त्याच्याशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागलीत, तान्ह्या मुलाशी बोलावं तशी. त्याची अब्रू कोणत्या भिंतींत ठेवली होती तुम्ही? हा स्वतः जाऊन मुलांना सांगेल. नाहीतर संध्याकाळी उपास सुटताना मी ती पिशवी तुमच्या ताटाशेजारी सोडीन. मी आयुष्यभर लोकांची जेवणं थांबवलीत, मला लाज वाटत नाही."

राब्बींनी आपल्या सपातांवरच्या बदकांकडे पाहिलं. मग त्यांनी नफ्तालीला दाराकडे हात केला.

मोत्तल इतका वेळ कोपऱ्यातल्या ठेंगण्या स्टुलावर बसला होता. नफ्ताली त्याच्यापुढे थांबला, काहीतरी बोलू लागला. मोत्तलने हात वर करून त्याला थांबवलं.

"मला नको सांगूस," तो म्हणाला. "पोरांना सांग. माझ्यापाशी बोलायला लागलास तर मी तुला माफ करून टाकीन. आज मला ते करायचं नाही."

नफ्ताली पायमोज्यांवरच उन्हात निघून गेला. जेवणाच्या खोलीत दोनशे मुलांपुढे तो काय बोलला ते फ्रीडाने ऐकलं नाही. तिने फक्त त्यानंतरची शांतता ऐकली. संध्याकाळी त्याची बॅग फाटकापाशी होती.

उपास सुटायला थोडा वेळ होता. मोत्तल अंडी फोडत होता, चीजचे डबे ओट्यावर काढले होते. फ्रीझर उघडाच होता. तो तीनदा धुऊनही वास गेला नव्हता आणि या उन्हाळ्यात तरी तो जाणार नव्हता.

मोत्तलने खिशातून चष्मा काढला. गरम पाण्याने धुतला, पुसला, नाकाशी नेऊन हुंगला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा धुतला. मग डोळ्यांवर चढवला.

"रविवारचा डबा," तो फ्रीडाकडे न बघता म्हणाला. "चौदा ऑगस्ट. मी म्हटलं, अजून बरेच दिवस टिकेल. तू म्हणालीस, माझ्या नाकापुढे नाही टिकणार. आणि झाकण उघडून वास घेतलास."

"घेतला होता," फ्रीडा म्हणाली.

"ठाऊक आहे," मोत्तल म्हणाला, आणि त्याने पुढचं अंडं फोडलं.